घरानेच घट फोडू नये

(कुटुंब मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



धर्मांतर या विषयावर आपण आजवर अनेक व्याख्याने ऐकली आहेत. वनवासी क्षेत्रात मिशनऱ्यांचे काम कसे चालते, त्यामागे साधनसामग्री किती असते, आपल्या सेवाकार्यांनी त्याला कसे उत्तर दिले पाहिजे, याची चर्चा आपल्या बैठकांतून सतत होते आणि ती आवश्यकच आहे. आज मात्र मला या विषयाची एक निराळी बाजू मांडायची आहे. ती बाजू घराची आहे. तुमच्या-माझ्यासारख्या सुशिक्षित, सुस्थितीतील, देवघर असलेल्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी अगदी मनापासून ख्रिस्ताची भक्ती करू लागली, तर त्या घराने काय करावे? जिथे लोभाचा प्रश्न नाही, सक्तीचा नाही, फसवणुकीचाही नाही, जिथे केवळ श्रद्धा आहे, तिथे आपण कसे वागतो आणि कसे वागले पाहिजे, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

असे होतच नाही, असे कोणी समजू नये. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी मुले पुण्याला, बंगळुरूला, हैदराबादला जातात. नवे शहर, भाड्याची खोली, कामाचा ताण आणि मनात एकटेपणा. अशा वेळी कोणी सहकारी मित्र आपल्या प्रार्थनासभेला घेऊन जातो. तिथे गाणे असते, आपुलकी असते. आजारी पडले तर दोन माणसे डबा घेऊन येतात आणि आपले नाव घेऊन आपल्यासाठी प्रार्थना करतात. काही महिन्यांनी मुलगी सुट्टीला घरी येते, तेव्हा आरतीच्या वेळी ती बाजूला उभी राहते, प्रसाद हातात घेत नाही. आईच्या लक्षात येते. रात्री वडिलांच्या कानावर जाते. आणि मग त्या घरात जे सुरू होते, त्याचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो.

आधी थट्टा होते. मग संताप. मग अश्रू आणि शपथा. ‘माझे मेलेले तोंड पाहशील’ इथपर्यंत गोष्ट जाते. फोन काढून घेतला जातो. नातेवाइकांपासून लपवालपवी सुरू होते. कोणी एखाद्या मांत्रिकाचे नाव सुचवतो, कोणी घाईघाईने लग्न उरकून टाकण्याचा सल्ला देतो. आणि शेवटी वडील एक दिवस म्हणतात, ‘आजपासून तू आम्हाला मेलीस.’ या सगळ्या काळात एक गोष्ट मात्र कोणी करत नाही. तिला समोर बसवून, शांतपणे, ‘बाळ, तुला तिथे काय मिळाले?’ असे कोणी विचारत नाही.

‘तू आम्हाला मेलीस’ हे वाक्य रागाच्या भरात सुचलेले नाही. त्याला जुना इतिहास आहे. आज विवाहविच्छेदासाठी आपण ‘घटस्फोट’ हा शब्द वापरतो. मूळचा घटस्फोट निराळा होता. तो पतिताचा असे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात त्याचा विधी दिलेला आहे. सपिंड आणि बांधव यांनी गावाबाहेर जमायचे, जिवंत माणसाला प्रेतासारखे पाणी द्यायचे, दासीने पाण्याने भरलेला घट पायाने लवंडायचा. त्यानंतर त्या माणसाशी बोलणे नाही, एका आसनावर बसणे नाही, वारसाहक्क नाही, लोकव्यवहार नाही. म्हणजे जिवंतपणी अंत्यसंस्कार. हे आपल्याला ठाऊक असते, किमान याची सावली आपल्या वागण्यात असते. परंतु त्याच अध्यायात लगेच पुढे काय सांगितले आहे, हे आपण विसरलो. प्रायश्चित्त घेतलेल्या त्या माणसाबरोबर त्याच्या आप्तांनी पवित्र जलाशयात स्वतः स्नान करावे, पाण्याने भरलेला नवा घट त्या जलात सोडावा, आणि मग त्याने आपल्या घरात यावे व पूर्ववत सर्व व्यवहार करावेत, असे तिथे सांगितले आहे. घट फोडण्याचा विधी आणि नवा घट भरण्याचा विधी शेजारी शेजारी आहेत. आपल्या समाजाने पहिला तेवढा जपला आणि दुसरा विस्मरणात टाकला. देवलस्मृतीसारखा ग्रंथ तर परत येणाऱ्यांसाठीच रचला गेला. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७६ साली नेताजी पालकरांना स्वधर्मात परत घेतले, ते याच परंपरेच्या बळावर. पण राजाने जे केले, ते घराघरांनी केले नाही.

याचे एक उदाहरण पाहा. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या तरुण ब्राह्मण विद्यार्थ्याने स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत असताना बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपाद वयाने लहान, तोही मिशनच्या घरी जाऊन राहिला होता. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. वडिलांनी त्या काळच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयाने अल्पवयीन श्रीपाद वडिलांच्या हवाली केला. इथे गोष्ट संपायला हवी होती. मुलगा परत आला होता, बापाला आनंद झाला होता. पण खरी परीक्षा तिथेच सुरू झाली. मुलगा ख्रिस्ती माणसांच्या घरी राहिला, त्यांच्या पंक्तीला जेवला, म्हणून त्याला जातीत घ्यायचे की नाही, यावर मुंबईच्या ब्रह्मवृंदात तट पडले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन त्याला शुद्ध करून घ्यावे, असा त्यांनी आग्रह धरला. त्यासाठी स्वतःवरच बहिष्काराचे संकट ओढवून घेतले. न्यायालयाने मुलगा परत दिला आणि त्याच्याच जातीने तो घ्यायला नकार दिला, असा हा विलक्षण प्रसंग आहे. थोरला भाऊ नारायण परत आला नाही. तो पुढे पाद्री झाला आणि जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारून मांग आणि इतर उपेक्षित जातींत त्याने आयुष्य घालवले. ज्या जातींकडे आपल्या शास्त्रीमंडळींनी पाहिलेही नव्हते, त्यांच्यात तो गेला. आपण त्या गोष्टीकडे कोणत्या दृष्टीने पाहायचे, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

दुसरा एक भ्रम दूर करणे मला आवश्यक वाटते. ख्रिस्ताकडे गेलेला प्रत्येक जण काही तरी मिळवण्यासाठीच जातो, असे आपण गृहीत धरतो. असे प्रकार घडतात आणि ते निषेधार्हच आहेत. परंतु सर्वांना एकच माप लावले की जे खरोखर श्रद्धेने जातात त्यांचा अपमान होतो आणि आपले त्यांच्याशी बोलणेच खुंटते. नीळकंठशास्त्री गोरे यांचे उदाहरण घ्या. काशीत वाढलेला हा कोकणस्थ ब्राह्मण. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने हिंदू धर्मावर टीका करणारा संस्कृत ग्रंथ लिहिला, तेव्हा या तरुण पंडिताने ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ संस्कृतातच लिहून त्याला उत्तर दिले. स्वधर्माचा असा अभिमानी आणि अभ्यासू कैवारी. आणि त्यानेच १८४८ साली जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला. त्याला कोणता लोभ होता? विद्वान म्हणून काशीत प्रतिष्ठा होती, ती गेली. पुढचे आयुष्य विरक्त वृत्तीने गेले. अशा माणसाला ‘विकला गेला’ म्हणणे सोपे आहे, पण ते सत्य नाही. आणि असत्याच्या पायावर कोणाचेही मन परत वळवता येत नाही.

आता ज्या घराची हकिकत मराठी माणसाला सर्वांत जवळची आहे, तिकडे वळू. नारायण वामन टिळक, फुलामुलांचे कवी, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. १८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना बायबलची प्रत दिली, आणि दोन वर्षांच्या आत, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मागे राहिली ती पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा दत्तू. पुढचे सारे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवले आहे. हे आत्मचरित्र १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. आपल्यापैकी ज्यांनी ते वाचले नसेल, त्यांनी जरूर वाचावे. त्यातील श्रद्धा आपली नसेल, पण त्यातील घर आपले आहे, भाषा आपली आहे, दुःखही आपले आहे.

बातमी आली तेव्हा त्या घरावर आकाश कोसळले. लक्ष्मीबाई जिवाचे बरेवाईट करून घेईल, अशी माहेरच्यांना धास्ती वाटली. त्यांनी तिला डोळ्यांत तेल घालून सांभाळले. त्या माणसांना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांच्या परीने त्यांनी माया केली, तिला आणि तिच्या मुलाला आधार दिला. पण नवऱ्याकडे जाण्याची वाट बंद आणि नवऱ्याला इकडे येण्याची वाट बंद, अशी चार-पाच वर्षे गेली. या काळात टिळकांनी एक धागा तुटू दिला नाही. ते पत्रे लिहीत राहिले, भेटत राहिले. अखेर लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याजवळ राहायला गेली ती आपला धर्म घेऊन, आपले सोवळे घेऊन, आपली चूल निराळी ठेवून. टिळकांनी त्यासाठी सक्ती केली नाही. एका छपराखाली एक ख्रिस्तभक्त आणि एक कर्मठ ब्राह्मण स्त्री राहू लागली.

पुढे १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. तो कशामुळे घेतला, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. कोणा मिशनऱ्याच्या वादविवादाने त्या हरल्या नाहीत. त्यांच्याच लेखनावरून दिसते की, त्यांच्या मनाला आधी एक प्रश्न पडला. ही जात, हा विटाळ, हे उच्च-नीच देवाने निर्माण केले की माणसाने? जातिभेद माणसाने केला आहे, हे त्यांच्या मनाने एकदा घेतले आणि त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास सुरुवात केली. पहिला बंध सुटला तो जातीचा. बाकीचे त्यानंतर आले. बंधू-भगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या माहेरात कोणी देऊ शकले असते काय? ‘जात देवाने केली नाही, आणि ती नाकारूनही तू हिंदूच राहतेस’ असे सांगणारे एक माणूस जरी त्यांच्या भोवती असते, तरी कदाचित कथा निराळी झाली असती. अस्पृश्यतेला धर्माची मान्यता नाही, सर्व हिंदू सहोदर आहेत, असा निर्वाळा आपल्या धर्माचार्यांनी एकत्र येऊन दिला तो उडुपीच्या संमेलनात, १९६९ साली. लक्ष्मीबाईंना पडलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापर्यंत पोहोचायला जवळजवळ सत्तर वर्षांचा उशीर झाला. आणि आजही ते उत्तर व्यासपीठावर जितक्या सहजपणे दिले जाते, तितक्या सहजपणे विवाहाच्या बोलणीत दिले जात नाही.

टिळकांविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ख्रिस्ती झाल्यावरही ते ज्ञानोबा-तुकारामांना सोडू शकले नाहीत. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तने केली, ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले. १९१७ साली अमेरिकन मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ या नावाने त्यांनी स्वतंत्र वाट धरली. परदेशी साच्यातला ख्रिस्त त्यांना पुरेना. घरातून, ओवीतून, अभंगातून जे संस्कार झाले, ते बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन गेले नाहीत. बालपणीच्या संस्कारांची शक्ती इतकी असते. म्हणूनच मी म्हणतो, पालकांनी घाबरून जाऊ नये. तुम्ही जे मनापासून दिले असेल, ते कोठेही गेले तरी मुलांबरोबर राहते. न दिलेलेच फक्त त्यांच्याजवळ नसते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून अधिक बोचरे आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या. वडिलांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. दुष्काळात आई-वडील आणि बहीण यांचा अंत झाला, पुढे भाऊ गेला, १८८२ साली पती गेला. लहान मुलीला घेऊन ती पुण्याला आली, तिने आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ साली ती इंग्लंडला गेली आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे तिने व मुलीने बाप्तिस्मा घेतला. तिच्याबाबतीत घरच्यांची प्रतिक्रिया काय झाली, असे विचारण्यात अर्थ नाही, कारण तिचे घरच उरले नव्हते. समाज हेच तिचे घर. ज्या घराने तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून डोक्यावर घेतले, त्यानेच तिला क्षणात परके केले.

पुढे १८८९ साली तिने मुंबईत शारदा सदन काढले, ते लवकरच पुण्याला हलवले. विधवा आणि निराधार मुलींना तिथे शिक्षण मिळे. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी थोर मंडळी सल्लागार होती. १८९३ साली वादळ उठले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली तिथे जाऊन बसत. त्यांच्या मनावर परिणाम होऊ लागला. सल्लागारांनी राजीनामे दिले, वृत्तपत्रांतून टीकेची झोड उठली आणि पालक धावत येऊन आपापल्या मुलींना घेऊन गेले. पालकांची चिंता खोटी होती, असे मी म्हणणार नाही. शिक्षणासाठी ठेवलेल्या अजाण मुलींवर दुसऱ्या धर्माचा प्रभाव पडत असेल, तर पालकांना बोलण्याचा पूर्ण अधिकार होता आणि आहे. पण पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही. त्या मुलींना आपण परत नेले ते कुठे? पुष्कळींना त्याच अंधाऱ्या माजघरात, त्याच केशवपनाकडे, त्याच उष्ट्या-खरकट्याकडे. ज्या घरात तिला कोणी नावाने हाक मारत नव्हते, तिथे तिला परत आणून आपण धर्म राखला, असे समाधान आपण मानले.

सर्वांनी तसे मानले नाही, हे आपले भाग्य. त्याच वर्षी, त्याच शारदा सदनात शिकलेल्या एका बालविधवेशी एका प्राध्यापकाने विवाह केला. ते धोंडो केशव कर्वे. त्यांनाही बहिष्कार सोसावा लागला. त्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि पुढे हिंगण्याला तो वाढवला. रमाबाईंच्या संस्थेवर टीका करणारे शेकडो होते. तसेच काम हिंदू घरांच्या विश्वासाने उभे करणारे कर्वे निघाले. या दोहोंपैकी कोणामुळे अधिक मुली आपल्या समाजात सुखाने राहिल्या, याचे उत्तर देण्याची आवश्यकता नाही. निषेधाची सभा एका संध्याकाळी संपते. आश्रम चालवायला आयुष्य द्यावे लागते.

आता गोव्याकडे पाहा. १९२८ साली मसूरकर महाराजांनी गोव्यातील हजारो गावडे बांधवांना स्वधर्मात परत आणले. पोर्तुगीज सत्तेच्या डोळ्यांदेखत झालेले ते फार मोठे आणि धाडसाचे कार्य होते, आणि आपण त्याचा अभिमानाने उल्लेख करतो. पण परत आल्यावर काय झाले, हेही सांगितले पाहिजे. ते ‘नवहिंदू गावडे’ म्हणून निराळेच राहिले. ज्यांच्यातून ते गेले होते, त्यांनीदेखील त्यांच्याशी सोयरीक करण्यास हात आखडता घेतला. देवळाचे दार उघडले, स्वयंपाकघराचे उघडले नाही. परत येणाऱ्याचे स्वागत एका दिवसाच्या होमहवनाने होत नाही. त्याच्या मुलाला मुलगी द्यावी लागते, तेव्हा ते होते.

या साऱ्या उदाहरणांवरून आजच्या घराने काय घ्यावे? माझ्या अल्पमतीनुसार चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, ख्रिस्तावरील प्रेम आणि स्वतःच्या परंपरेचा त्याग, या दोन निराळ्या बाबी आहेत, हे स्वतः समजून घ्या आणि मुलांना समजावून द्या. हिंदू घराला ख्रिस्ताची भीती वाटण्याचे कारण नाही. श्रीरामकृष्णांनी ख्रिस्ताची उपासना करून पाहिली होती. १८८६ सालच्या २४ डिसेंबरच्या रात्री बंगालमधील आंटपूर येथे धुनीभोवती बसून नरेंद्राने आपल्या गुरुबंधूंना ख्रिस्ताच्या त्यागाची कथा सांगितली आणि सर्वांनी संन्यासाचा निश्चय केला. रामकृष्ण मठात नाताळची पूर्वसंध्या आजही भक्तीने साजरी होते. म्हणून मुलगी ‘मला येशू आवडतो’ म्हणाली, तर तो आपल्या घराला धक्का मानू नये. धक्का पुढे असतो. ‘बाकी सारे देव खोटे आहेत, तुझी आई अंधारात आहे’ असे जेव्हा तिला शिकवले जाते, तेव्हा. तिथे आपला मतभेद आहे आणि तो स्पष्ट शब्दांत मांडलाच पाहिजे. ख्रिस्ताचा हात धरण्यासाठी आईचा हात का सोडावा लागतो, हा प्रश्न तिला प्रेमाने विचारा. तो प्रश्न तिच्या मनात राहील. पण तो विचारताना तिच्या श्रद्धेचा उपहास करू नका. उपहास झालेले माणूस विचार करत नाही, फक्त दूर जाते.

दुसरी गोष्ट, कायद्याची. १८४३ साली श्रीपाद अल्पवयीन होता म्हणून वडिलांना मिळाला. आज १८ वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना आपली श्रद्धा निवडण्याचा अधिकार आहे. राज्यघटनेचे २५वे कलम तो देते आणि सज्ञान व्यक्तीच्या या निवडीत पालकांना आडवे येता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हदिया प्रकरणात स्पष्ट केले आहे. बळजबरी, फसवणूक किंवा प्रलोभन असेल तर कायद्याची दाद जरूर मागावी. परंतु जिथे केवळ श्रद्धा आहे, तिथे कोंडून ठेवणे, मारणे, फोन हिसकावणे, परस्पर लग्न ठरवणे हे अवैध तर आहेच, शिवाय ते आपल्या संस्कृतीला शोभणारे नाही. कार्यकर्त्यांना माझे विशेष सांगणे आहे. अशा घरी चौघांचे शिष्टमंडळ घेऊन जाऊ नका. त्या मुलीच्या मित्रमैत्रिणींना धमक्या देऊ नका. त्या प्रार्थनागृहापाशी गोंधळ घालू नका. जायचे असेल तर तिच्या ओळखीच्या एखाद्या मावशीने, आत्याने, वहिनीने एकटीने जावे, आणि आधी ऐकावे.

तिसरी गोष्ट, स्वतःच्या घराचा ताळेबंद मांडा. आपल्या घरात शेवटचे कधी कोणी मिळून बसून देवाविषयी बोलले? गणपतीत आरत्या होतात, पण त्या आरतीचा अर्थ मुलांना कोणी सांगितला? सत्यनारायण होतो, मुले मोबाइल पाहत बसतात आणि प्रसादाला येतात. मुलाने विचारले, ‘बाबा, आपण मूर्ती का पुजतो?’ तर आपण ‘फार प्रश्न विचारू नकोस’ म्हणतो. मग तो प्रश्न घेऊन तो जिथे उत्तर मिळेल तिथे जातो. आणि परगावी असलेल्या मुलाची आपण चौकशी करतो ती पगाराची आणि बढतीची. त्याला ताप आला होता, हे आपल्याला महिन्याने कळते. आपल्या शाखा, आपली मंडळे, आपली महिला समितीची घरे त्या शहरांत आहेत ना? मग एकट्या राहणाऱ्या तरुणाला आठवड्यातून एकदा जेवायला बोलावणारे घर आपल्या कार्यकर्त्याचे का असू नये? या कामासाठी निधी लागत नाही, ताटात एक पोळी जास्त लागते.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे. हे सारे करूनही तो मुलगा किंवा ती मुलगी परत येईलच, असे नाही. ती आयुष्यभर ख्रिस्ताचीच भक्त राहील, हे शक्य आहे. तेव्हा काय? तेव्हाही ती तुमचीच मुलगी आहे. दिवाळीला तिचे ताट वाढले गेले पाहिजे. तिच्या बाळंतपणाला आई गेली पाहिजे. आजोबा अंथरुणाला खिळले तर तिला निरोप गेला पाहिजे. तिने ओवाळले नाही तरी भावाने भाऊबीजेला तिच्याकडे गेले पाहिजे. काही जणांना यात दुबळेपणा वाटेल. ‘अशाने सगळीच मुले जातील,’ असे ते म्हणतील. मी त्यांना विचारतो, गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत घट फोडून, अंघोळी करून, नावे टाकून आपण किती जणांना थांबवले? उलट, ज्यांच्या मागे दार लागले, त्यांच्या पुढच्या पिढ्यांना आपण कोणत्या गावचे, कोणत्या कुळाचे, हेही सांगता येईनासे झाले. घट फोडला तेव्हा माणूस गेले नव्हते, माणूस त्यानंतर गेले. ज्याच्याशी बोलणे चालू आहे, तो आपल्या समाजापासून तुटत नाही. राष्ट्र म्हणून आपण ज्या एकत्वाची गोष्ट करतो, त्याचा कस अशा एका घरात लागतो.

आपल्या सर्वांच्या घरांत संवाद राहो, देवघरात दिवा राहो, आणि कोणी कितीही दूर गेले तरी उंबरठ्याच्या आत त्याची वाट पाहणारे माणूस राहो, एवढी प्रार्थना करून मी माझे विवेचन थांबवतो.

भारत माता की जय.